मेतकूट संरक्षण संघम्

आधीच सांगून ठेवते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. कुंभेश्वराची शपथ, शारंगपाणीची शपथ, आणि ते दोघे कामात असले तर रामस्वामीची. खोटं बोलत असेन तर उद्या सकाळी माझ्या कॉफीचं दूध नासो. कुंभकोणमात ह्याहून मोठी शपथ कोणी घेत नाही, म्हणून मध्ये कोणी ‘खरंच का’ म्हणून विचारू नका.

तर मेलकावेरीचा राजगोपाल. वीज कचेरीतून रिटायर झाला आणि घरी बसला. घरी बसलेला पुरुष म्हणजे उंबऱ्यात ठेवलेली शिडी, येताजाता पाय अडतो. त्याची बायको पंकजा मात्र बसणारी नव्हे. तिच्या सासूने सुरू केलेलं मेतकूट ती अजून करत होती. भाजायचं, दळायचं, पांढऱ्या पाकिटात भरायचं, वर रबरी शिक्का मारायचा: ‘मेतकूट’. एका ओळीत तमिळ, एका ओळीत आपलं मराठी. पोट्रामरै तळ्याकाठच्या दोन दुकानांत ठेवायचं. आपली मराठी घरं घेत, आणि हल्ली शेजारची अय्यर मंडळीही मऊ भातावर तूप-मेतकूट घ्यायला शिकली होती. मोठा धंदा नव्हे. पण पंकजाचा हात म्हणजे पंकजाचा हात.

एके सकाळी एक रजिस्टर पाकीट आलं. मोठ्या बाजारातल्या चंद्रमौलीचं. हा चंद्रमौली पापडासारखे अप्पळम, लोणची, चकलीसारखे मुरुक्कू, सगळं विकतो आणि कपाळावर विभूती अशी लावतो की भाव विचारायची लाज वाटावी. त्याने वर्षभरापूर्वी ‘राजवाडा मेतकूट’ म्हणून काढलं होतं. पाकिटावर घोड्यावर बसलेला मिशीवाला राजा. घोडा राजापेक्षा खाऊन-पिऊन सुखी दिसायचा. आत काय, तर भाजक्या डाळीचं पीठ आणि हळद. बस. बसस्टँडवर उतरणारे टूरिस्ट ते नेत आणि घरी जाऊन ‘मराठे हे खात होते, म्हणून राज्य गेलं’ म्हणत.

पाकिटात वकिलाची नोटीस होती. ‘मेतकूट’ हे नाव आमच्या अशीलाने नोंदवलं आहे, आपण आपल्या मालावरून ते काढावं, नाहीतर पुढची कारवाई.

राजगोपालने ती तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, उभा राहून मोठ्याने वाचली. त्यामुळे पंकजाला कळायच्या आत गल्लीला कळलं.

पंकजा आतून हात पुसत आली. “म्हणजे काय म्हणतो तो?”

“आपलं खोटं म्हणतो. त्याचं खरं.”

“सासूबाईंनी जन्मभर ज्याला मेतकूट म्हटलं, त्याला मी आता काय म्हणूं? पिवळी पूड?” ती म्हणाली. “अहो, दुसरं काही नको मला. पाकिटावर हे एवढं नाव राहू द्या. नाव गेलं तर मी चूल नाही पेटवणार, सांगून ठेवते.”

चूल नाही पेटवणार हे वाक्य राजगोपालला नोटिसीपेक्षा नीट समजलं.

आता शेजारी. आमच्या गावात औषध आणि सल्ला हे मागायच्या आधी मिळतं. समोरचा सतीशकुमार दारासुरमचे पट्टू, म्हणजे रेशमी साड्या, विकतो. आम्हां मराठी लोकांना इथे रायर म्हणतात, तसं तो म्हणाला, “रायरे, तुम्ही जीआयचा दाखला घ्या. नाच्चियारकोविलच्या समईला मिळालं, तिरुभुवनच्या पट्टूला मिळालं. सरकार म्हणतं, हे नाव ह्या गावचं, दुसऱ्याने लावायचं नाही.” कोपऱ्यावरचा कॉफीवाला कळवळून म्हणाला, “लवकर करा. आमचं बघा. चेन्नैपासून कन्याकुमारीपर्यंत हमरस्त्यावर प्रत्येक छपरावर कुंभकोणम् डिग्री कॉफी. पितळी टंबलर आणला की झाला कुंभकोणमचा. त्यातल्या अर्ध्यांनी आमची कावेरी पाहिली नाही, आणि कॉफी पिऊन बघितली तर म्हैसही पाहिलेली नाही.” तिसऱ्या एकाने, कोण ते सांगत नाही, देवळाच्या हत्तीणीकडून पाकिटावर सोंड ठेवून घ्यावी म्हणून सुचवलं. राजगोपालने तेही लिहून घेतलं. कचेरीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस काहीही लिहून घेतो.

तंजावरहून शेषाद्री वकील आणला. बारीक माणूस, आवाज ढोलाचा. तो म्हणाला, “एकट्याला मिळत नाही. संघ पाहिजे. इतिहास पाहिजे. आणि सगळ्यांची मिळून एक कृती पाहिजे, एकच. मग नावांच्या कचेरीतून अधिकारी येऊन बघतील.”

“एवढंच ना,” राजगोपाल म्हणाला. ‘एवढंच ना’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरात पुढे काय होतं ते देवाला ठाऊक. ह्यावेळी मलाही.

संघ निघाला. ‘कुंभकोणम् मराठी मेतकूट संरक्षण संघम्.’ अध्यक्ष राजगोपाल, कारण पाटी त्याच्या घरावर लागली. मेलकावेरीची घरं आली, दारासुरमची आली, पापनाशमची आली. जी घरं एकमेकांच्या लग्नाला येऊन न जेवता जात, तीही आली, आणि जेवून गेली. पहिल्या बैठकीत कॉफी झाली, केसरी, म्हणजे आपला शिरा, झाला, आणि अध्यक्षांच्या नावाच्या आधी ‘श्रीमान’ लावायचं की ‘श्री’, ह्यावर दुपार गेली. मेतकुटासाठी जमलेल्या माणसांत कोणाचं कोणाशी मेतकूट जमेना.

मग इतिहास. पापनाशमची त्रिपुरसुंदरी आत्या म्हणाली, त्यांच्या पूर्वजाने राजाबरोबर घोड्यावरून येताना पागोट्यात बांधून मेतकूट आणलं. दारासुरमच्या नित्याने सांगितलं, पागोट्यात नव्हे, ढालीत, आणि पूर्वज आत्याचा नव्हे, तिचा होता. पागोटं की ढाल ह्यावर दोन्ही घरं इतकी तापली की मध्ये पडलेल्या राजगोपालला ‘तुमचे पूर्वज पायी आले, मागून’ हे ऐकावं लागलं. त्याला ते लागलं. पुढे आठवडाभर तो स्कूटर सोडून दुसऱ्या कशावरून गेला नाही.

सतीशकुमारला इतक्यात दारासुरमच्या देवळात पुरावा सापडला. खांबावर कोरलेली बाई, पुढ्यात काहीतरी दळण. फोनवर फोटो घेऊन तो धावत आला. राजगोपालने लगेच वही उघडली. शेषाद्रीने चष्मा वर करून पाहिलं. “हे चोळांच्या काळचं. मराठे यायला अजून पाचशे वर्षं होती.”

“मग तयारी आधीपासून चालू असेल, सार,” सतीशकुमार म्हणाला.

शेवटी इतिहासाच्या जागी ‘फार जुना’ असं लिहिलं, आणि त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

आता खरी गोष्ट. कृती.

इथे थांबून आमच्या लोकांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हांस कळायचं नाही. आमच्यांत कोणी पदार्थाची कृती विचारली तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणं वाईट. सगळं सांगतात, प्रेमाने, बसवून, पाणी देऊन. फक्त एक जिन्नस सांगत नाहीत. एकच. तो घरचा. ह्याला कोणी खोटं म्हणत नाही. कुंकवाचा करंडा आल्यागेल्यापुढे धरतात, म्हणून कोणी घरी न्यायला देतं का? माझ्या लेकीला रसमची कृती मी सगळी दिली आहे, एक सोडून. ती सासरी आहे ना आता.

राजगोपालला हे ठाऊक नव्हतं. त्याचा स्वयंपाकघराशी संबंध ताटापुरता.

बायका एकमेकींसमोर तोंड उघडेनात, म्हणून त्याने युक्ती काढली. एकेकीला आतल्या खोलीत बोलवायचं, पडदा ओढायचा, जिन्नस लिहून घ्यायचे. आणि भांडण नको म्हणून नियम केला: जे सगळी घरं म्हणतील तेच कृतीत. एका जरी घराने म्हटलं नाही, तर ते सगळ्यांचं नाही, काढून टाका. असा न्याय कोणत्या कोर्टात मिळतो, म्हणून तो स्वतःवरच खूष झाला.

नित्या आली, सगळं सांगितलं, धने सांगितले नाहीत. धने गेले. त्रिपुरसुंदरी आत्या आली, सुंठ पोटात ठेवून बसली. सुंठ गेली. कोणा घरचा हिंग सांगायचा राहिला, कोणाची मोहरी, कोणाचं जिरं, कोणाचे उडीद. एका म्हातारीने तांदूळ आणि गहू दोन्ही दाबले, तिचा हिशेब देवाशी. शेवटी पंकजा आली. स्वतःच्या नवऱ्यापुढे. तो संघाचा अध्यक्ष म्हणून बसला होता, आणि संघ म्हणजे परकी माणसं. तिने सगळं सांगितलं. मेथी सांगितली नाही.

राजगोपालने रेघा मारमारून जे उरलं ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. उरलं होतं: भाजलेली हरभऱ्याची डाळ, आणि हळद.

“इतकंच?” त्याने शेषाद्रीला विचारलं.

“लहान कृती उत्तम,” शेषाद्री म्हणाला. “कचेरीत लांब कागद कोणी वाचत नाही.”

बैठकीत ती वाचून दाखवली. सगळ्या बायका ऐकत होत्या. प्रत्येकीच्या मनात आलं, अगंबाई, ह्या बाकीच्या घरांत एवढंच घालतात? आणि इतकी वर्षं ह्यांचं आपण बरं म्हणत होतो? प्रत्येकीला दुसरीची दया आली, आपला जिन्नस सुखरूप राहिला म्हणून गार वाटलं, आणि कोणी एक शब्द बोलली नाही. विचारावं तर आपलं उघडं पडतं. सगळ्यांनी मान डोलावून सही केली. राजगोपालच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या समाजात इतकी एकी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

अर्ज गेला. मग महिनोन्महिने काही नाही. मग एक कागद हवा, मग तोच कागद रंगीत हवा, मग संघाच्या पाटीचा फोटो हवा, त्यात पाटीपुढे वाळत घातलेलं लुगडं नको. राजगोपालची विजार ढिली झाली. पंकजा रोज एकच विचारायची: “शिक्का मारूं की नको?” तो रोज एकच म्हणायचा: “थांब.” आणि ती कोऱ्या पाकिटात मेतकूट भरून ठेवायची. कोरी पाकिटं दुकानदार घेईना. म्हणाला, “अक्का, नाव नसलेलं मी काय म्हणून विकूं?”

आणि एकदाची अधिकारी आली. मधुमिता. चेन्नैची, तरुण, कडक इस्त्रीची साडी, न हसणारी. कल्याण मंडपम् घेतला. लग्नाचं तोरण उतरवायचं राहिलं होतं, त्यामुळे मधुमिता आणि राजगोपाल जिथे बसले तिथे वर ‘वधूवरांस आशीर्वाद’ होतं. पंकजाने ते पाहिलं आणि पदर खोचला. हरकत घेणारा म्हणून चंद्रमौलीही आला होता, हात जोडून, कपाळ भरून.

मधुमिताने कृती वाचली. मग चंद्रमौलीचं पाकीट फोडलं, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. “भाजकी डाळ. हळद.” कागदाकडे पाहिलं. “बरोबर आहे. संघाच्या कृतीशी तंतोतंत जुळतं.”

राजगोपालला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती.

मग तिने पंकजाचं पाकीट फोडलं. सांगते, त्या मंडपात मागच्या बाजूला फुलं ओवणाऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांनीही माना वर केल्या. मेथीचा वास लपतो का? तो भिंतीला लागला, तोरणाला लागला, मधुमिताच्या इस्त्रीला लागला.

“ह्यात मेथी आहे?” तिने विचारलं.

राजगोपालने कृतीकडे पाहिलं. सही त्याची. “नाही, मॅडम,” तो ताठ उभा राहून म्हणाला. “आमच्या मेतकुटात मेथी नसते.”

“मला तर वास येतो.”

“कागदावर नाही, मॅडम.”

चंद्रमौली खाकरला. फार नम्रपणे म्हणाला, “मॅडम, मला दुसऱ्याचं वाईट बोलायची सवय नाही. पण रायरांच्या घरच्या मालात भेसळ दिसते. त्यांची हरकत नसेल तर ह्या संघाचा सभासद व्हायला मी तयार आहे. शुद्ध माल बनवणारा एक तरी असावा.”

राजगोपाल खाली बसला. खुर्ची होती तिथे नाही, थोडा बाजूला. त्याला उठवायला सतीशकुमार धावला आणि उठवता उठवता कानात म्हणाला, “रायरे, अजूनही हत्तीण आहे.”

मधुमिताने पेन उघडलं. “मग अर्जदाराच्याच नमुन्याला हे नाव लावता येणार नाही, असं मला लिहावं लागेल.”

तेव्हा पंकजा उठली. नवऱ्याकडे पाहिलं नाही, चंद्रमौलीकडे पाहिलं नाही. “पेन ठेवा,” ती तमिळमध्ये म्हणाली. “आणि जरा माझ्याबरोबर आत या. स्वयंपाकघरात.”

“जे सांगायचं ते इथे सांगा, अम्मा.”

“इथे पन्नास घरं आहेत. मला नाव पाहिजे, पण इथे नाही सांगणार.”

काय वाटलं मधुमिताला कोण जाणे, गेली. दार लागलं. थोड्या वेळाने पंकजा बाहेर आली, चेहरा लाल, आणि येऊन बसली. मग नित्या उठली, कोणाशी न बोलता आत गेली. मग त्रिपुरसुंदरी आत्या, गुडघा धरत. मग एकेक करून सगळ्या. प्रत्येकजणी आत जायची ताठ आणि बाहेर यायची पदर सावरत. पुरुष मंडपात बसून छताकडे बघत होते. शेषाद्रीने, फी चालू राहावी म्हणून असेल, दोनदा घड्याळ बघितलं. चंद्रमौली दारापाशी सहज म्हणून सरकला, तर आतून त्रिपुरसुंदरी आत्याने दार अशा वेळी उघडलं की त्याची विभूती दाराला लागली. ती खूण अजून आहे म्हणतात.

मधुमिता बाहेर आली तेव्हा बोटं पिवळी होती आणि तोंडावर, कसं सांगू, साऱ्या गावाच्या सासवा एका दमात ऐकलेल्या माणसाचा भाव होता.

“सर,” ती राजगोपालला म्हणाली, “सगळ्यांचं एकच आहे. अगदी एकच. प्रत्येकीने मला एक जिन्नस सांगितला, आणि बाकीच्यांना सांगायचा नाही म्हणून शपथ घातली.”

“मग लिहा ना, मॅडम. आता सगळं झालं.”

“शपथ घातली आहे, सर. कोणी मारुतीची, कोणी नवऱ्याची. तुमची पण आहे त्यांत. लिहिलं तर तुमचं बरंवाईट होईल. आणि लिहिल्याशिवाय जीआय मिळत नाही.”

अर्ज परत. आमच्या इतिहासासकट, रंगीत फोटोसकट.

“आणि नाव?” पंकजाने बसल्या जागेवरून विचारलं.

मधुमिताने चंद्रमौलीच्या वकिलाची नोटीस मागितली, वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. “इतक्या घरांत इतकी वर्षं जो पदार्थ होतो, त्याचं साधं नाव एकट्या दुकानदाराचं होत नाही. मी माझ्या अहवालात तसंच लिहिते. राजवाडा तुमचा, मिस्टर चंद्रमौली, घोडाही तुमचा. मेतकूट सगळ्यांचं. अम्मा, तुम्ही शिक्का मारा.”

म्हणजे बघा. एक संघ, एक वकील, एक मंडपम्, किती तरी शेर केसरी, दोन घरांचं कायमचं वैर पागोट्यावरून, आणि हे सगळं करून माणूस पोहोचला कुठे, तर नोटीस यायच्या आदल्या दिवशी. राजगोपाल घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. पंकजाने उठवलं नाही. ती मागच्या पडवीत बसली आणि कोऱ्या पाकिटांवर एकापाठोपाठ एक शिक्के मारत राहिली. तो ठकठक आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. त्या दिवशी तिने चूल लवकर पेटवली.

गोष्ट इथे संपायची, पण दोनेक महिन्यांनी चेन्नैहून पार्सल आलं. आत स्टीलचा डबा, झाकणावर कागद चिकटवलेला, तमिळ अक्षरांत हाताने लिहिलेलं: ‘मेतकूट’. पाठवणारी मधुमिता.

राजगोपाल उसळलाच. “बघ. आता चेन्नैला पण नक्कल सुरू झाली. सरकारी माणसंच असं करायला लागली तर विचारायचं कोणाला? शेषाद्रीला फोन लावतो. संघ अजून बरखास्त नाही.” खरं तर त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती.

पंकजाने डबा उघडला. धने होते, सुंठ होती, हिंग, मोहरी, जिरं, उडीद, तांदूळ, गहू, मेथी, सगळ्या घरांचं सगळं, एका ठिकाणी, नीट मंद भाजलेलं. तिने चिमूट तोंडात टाकली.

“बरं आहे,” ती म्हणाली.

“बरं म्हणजे? खरं की खोटं, ते सांग. मला तक्रारीत लिहायचं आहे.”

“खोटं असतं तर तुम्हांला वाढलं असतं,” पंकजा म्हणाली, डबा उचलला, आणि आत जाऊन वरच्या फळीवर, त्याचा हात पोहोचत नाही तिथे, ठेवून दिला.

झालं. आता तुम्ही माझ्या तोंडाकडे असं बघताय म्हणून, आणि सकाळच्या दुधाची काळजी आहे म्हणून, सांगते. एवढ्यांत एक गोष्ट मी पदरची घातली. डबा उघडल्यावरचं ते बोलणं, ‘बरं आहे’ आणि त्यापुढचं, पंकजा बोललीच नाही. डबा रिकामा होईपर्यंत ती कोणाशी काहीच बोलली नाही.